आतड्याचा तट फुटला ती हकीकत

श्री. जी शक्ती अन्नरूपे सर्वांचे पोटी वसते तिचे स्मरण करून लिहिले ऐसे जे, देहराज्य शके चौतीस, ज्येष्ठ वद्य पक्षी, एका मनुष्यदेहाचे राज्यावर मोठा अनर्थ गुदरला. देह कोणाचा, नाव काय, हे लिहावयाची सोय नाही. या रोगाचे नाव घेतले की सोयरे ताट वेगळे मांडितात, सबब नाव गाळिले. त्या राज्यात आतडेकोट म्हणोन वेटोळ्यांचा लांबच लांब किल्ला, आणि किल्लेदार निंबाजी, आणि हाताखाली पांढऱ्या पेशींचे शिलेदार. राज्याचे फौजेचा मोठा भाग तेथेच असे, कारण तटापलीकडे जिवाणूंची अफाट वस्ती. ती वस्ती वैरी नव्हे. देहाचे धनी महाराज जेवीत त्यातील कोंडा वस्तीस मिळे, आणि वस्तीची पाटलीण ठकूबाई त्याचा चुना मळवून तटाचे सांधे भरवीत असे. करार एकच, की तटाच्या आत पाऊल टाकू नये. शिलेदार बुरुजावर उभे राहून दांडग्या जिवाणूंस आवरीत, आणि गरीब चुनेवाले निर्धास्त नांदत.

मग एचआयव्ही नामे गनीम आला. कोण्या वाटेने आला ते महाराजांस ठाऊक, आम्ही विचारिले नाही. त्याने कुलूप फोडिले नाही की तोफ डागिली नाही. जो शिलेदार हत्यार बांधून जागा होई त्याचेच अंगात शिरावे, त्याचेच मुदपाकखान्यात आपली पिलावळ वाढवावी, आणि त्यास मारून बाहेर पडावे, ही त्याची चाल. निजलेल्याचे अंगी शिरला तर मुकाट पडून राही. निंबाजींस हे काय ठाऊक? किल्ल्याचा शिरस्ता असा की बुरुज ओस दिसला की नगारा करावा, आणि नगारा ऐकताच सर्वांनी कंबर बांधून उठावे. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे नगारा केला, आणि शिलेदार उठले, आणि गनिमाने उठतील तितके खाल्ले. मग बुरुज अधिक ओस पडले, मग पुन्हा नगारा, आणि पुन्हा उठले तेही गेले. थोडक्या आठवड्यांत कोट निम्म्याहून अधिक रिकामा जाहला, आणि महाराजांस वर फक्त चार रोज कणकण वाटली.

शिलेदार सरले तेव्हा दांडग्यांस मोकळे रान मिळाले, आणि त्यांनी चुनेवाल्यांची घरे बळकाविली. ठकूबाई तटाखाली येऊन बोलली, "किल्लेदार, माझी मानसं संपत आली. चुना मळाया हात न्हाईत. सांधं उघडं पडल्यात, बघा तरी."

निंबाजी बोलिले, "पाटलीणबाई, माझ्याकडं तरी कोन ऱ्हायलंय? नगारा वाजवतोय नव्हं."

"त्यानंच तर मरत्यात. मी पलीकडनं रोज बघते. जो उठतो त्योच पडतो."

हे ऐकून निंबाजींस आपलेच हाताने आपली माणसे गनिमास जेवू घातली हे कळो आले, आणि त्यांस रडू आवरेना. फार वाईट वाटले आम्हांस. मग त्यांनी नगारा बंद केला. तोच दांडगे जिवाणू उघड्या सांध्यांतून आत शिरले, आणि रक्ताचे नदीत उतरले, आणि राज्यभर पसरले, मग ठाण्याठाण्यावर ज्याने त्याने आपापला नगारा सुरू केला. सारे राज्य जागे जाहले, म्हणजे साऱ्या राज्याची फौज गनिमापुढे वाढून ठेविली गेली. ठकूबाई त्याच धामधुमीत मेली. तिचे प्रेतही कोणी उचलिले नाही.

कित्येक वर्षांनी वैद्यांनी गोळ्यांची कुमक धाडिली, रोजची रोज, आणि कुमक शूर खरी. पिलावळ थांबली, रक्ताचे नदीत गनीम दिसेनासा जाहला, महाराजांचे अंगी मांस धरिले, ते हसोन बोलू लागले. आम्हांसही बरे वाटले, खोटे का बोलावे. निंबाजींनी वर महाराजांस सांगून धाडिले की तट बांधावा, तर जबाब आला की गनीम दिसत नाही, उगाच का कुरकुरता. चुना मळणारे थोडे नवे आले, परंतु सांधा पहिल्यासारखा बसेना, आणि फटीतून कोणी ना कोणी आत येतच राहिले. मग नवे शिलेदार आले, अगदी कोवळे, आणि कोणाचे अंगी गनीम निजला आहे हे कोणास ओळखता येईना. त्यांतील एक विचारिता जाहला, "किल्लेदार, आम्ही जागं ऱ्हायाचं का निजायचं?"

निंबाजी बोलिले, "फटीपाशी हुबं ऱ्हावा, बाबांनो. मला दुसरं काय येत न्हाई." आणि ते कोवळे शिलेदार उभे राहिले.

एवंच राज्य वाचले, आणि गोळी चालू आहे तोवर वाचेल. कोट गेला तो गेला. या रोजच्या झुंजीने महाराजांचे गुडघे आणि काळीज पन्नाशीआधीच म्हातारे जाहले. लोक विचारितात तेव्हा ते सांगतात, आता काही त्रास नाही.