सजग मेंढ्यांचा देश

वसंतात मेंढ्या वरच्या कुरणात जातात, ही काही बातमी नाही. आमच्या कोकजिदे गावात माझे खापरपणजोबाही त्यांना न्यायचे. यंदा बातमी एवढीच होती की कुरण परदेशात गेलं.

कुरण हललं नव्हतं. ते होतं तिथंच होतं, घाटाच्या पलीकडे, बर्फाखालून नुकतं हिरवं होत. पण हिवाळ्यात पलीकडचा तालुका फुटला आणि त्याने स्वतःचा देश केला. आमच्याकडे हे नवीन नाही. वडील लहान होते तेव्हा इथे एवढा मोठा देश होता की एका टोकाचे लोक उठायचे तेव्हा दुसऱ्या टोकाचे झोपायला जायचे. तो फुटला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की फुटायला फार काही लागत नाही. एक झेंडा, एक टपालाचं तिकीट आणि शेजाऱ्याबद्दलची एक जुनी तक्रार. तक्रार प्रत्येकाकडे होतीच. देश मोठा असावा की लहान, यावर टीव्हीवर रोज दोन विद्वान भांडतात. एक म्हणतो मोठ्या देशात ताकद असते, दुसरा म्हणतो लहान देशात स्वातंत्र्य असतं. दोघेही राजधानीत एकाच इमारतीत राहतात आणि दोघांच्याही घरी मेंढ्या नाहीत.

आमच्या घरी आहेत. चारा संपला होता. मेंढ्या गोठ्याच्या भिंतीचं गवतमिश्रित लिंपण चाटायला लागल्या, तेव्हा मी कळप घेऊन घाटावर गेलो. पुढे नेहमीसारखा बोकड. आमच्याकडे मेंढ्यांच्या पुढे एक बोकड ठेवतात. तो चालतो, मग त्या चालतात. घाटावर रस्त्यात एक ओंडका आडवा टाकला होता आणि ओंडक्यामागे कुबात दाजी उभे होते, नव्या टोपीत. माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, आता पलीकडच्या देशाच्या नोकरीत.

"दाजी, मी एरमेक," मी म्हणालो.

"ओळखलं की. पण इथे मी दाजी नाही, सीमा आहे."

"मग ताईला काय सांगू?"

"सांग, सीमा आज जेवायला उशिरा येईल."

मग त्यांनी नियम समजावला. परक्या देशाची जनावरं आत घ्यायची तर दोन देशांत करार लागतो. आमच्या राजधानीने पलीकडचा देश मानलेलाच नाही, म्हणून ती त्यांच्याशी बोलत नाही. आणि गावाशी करार करणं पलीकडच्या देशाला कमीपणाचं वाटतं. दाजींना वाईट वाटत होतं. त्यांनी मला खिशातलं सुकं दही दिलं आणि परत पाठवलं.

संध्याकाळी शाळेत सभा भरली. ओसमोनकुल काका आमचे प्रमुख. जुन्या मोठ्या देशात ते सामूहिक शेतीचे प्रमुख होते, नंतर सहकारी संस्थेचे, नंतर गावाचे. दारावरची पाटी बदलत गेली, खुर्ची तीच राहिली. काका म्हणाले, मार्ग एकच आहे. देश देशाशी बोलतो, तर आपणही देश होऊ. फुटायचा कायदा त्यांनी सोबत आणलाच होता. ज्या भागात पाचशे सजग रहिवासी असतील त्याला वेगळा देश होता येतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

'सजग' हा शब्द कायद्यात कसा आला त्यालाही कारण आहे. आधी 'रहिवासी' एवढंच होतं. तेव्हा कबरस्तानातले लोक मोठ्या उत्साहाने मतदान करायचे. मग 'जिवंत' घालायचं ठरलं, तर काही आमदारांनीच हरकत घेतली. शेवटी 'सजग' वर तडजोड झाली. म्हणजे काय, ते कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे कुणाचाच विरोध नव्हता.

गावातली निम्मी माणसं रशियात बांधकामावर आहेत. उरलेली सगळी मोजली तरी पाचशेच्या जवळपासही जाईनात. मागून कुणीतरी म्हणालं, कायद्यात माणूस असा शब्द कुठे आहे? काकांनी चष्मा लावून कायदा पुन्हा वाचला. नव्हता.

तुर्दुकान आजी भिंतीला टेकून लोकर विंचरत होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं सरकार आपल्याला मेंढ्या समजतंय. आपण एकदा मेंढ्यांना माणसं समजू, फिटंफाट."

लोक हसले, आणि ठराव पास झाला. मग बराच वेळ वाद. घोडे सजग, यावर एकमत. गाढवांना घ्यावं की नाही यावर दोन भावांची भांडणं झाली. कोंबड्या नकोत असं ठरलं, कारण त्या घेतल्या तर त्यांचंच बहुमत होईल. आजीने विचारलं, सजग म्हटल्यावर त्यांना कापायचं कसं? काका म्हणाले, "आजी, आधी देश होऊ दे. अडचणी नंतर येतात."

सजग कोण हे ठरवणारा चेतना निश्चिती आयोग आठवड्याभरात राजधानीतून आला. हल्ली फुटणारे इतके वाढलेत की आयोगाकडे स्वतःची गाडी आहे. अध्यक्ष प्राध्यापक काल्मुरातोव्ह, सोबत एक सहायक आणि एक आरसा. प्राध्यापकांनी अंगणात उभं राहून आम्हाला चेतना समजावली. दगडाला नसते, माणसाला असते, मधल्यांच्या बाबतीत निधी मिळाला तर सांगता येईल, असा त्याचा सारांश. काकांनी विचारलं, माणसाला असते हे कसं तपासलं? प्राध्यापक म्हणाले, ते गृहीत आहे, ते तपासलं तर आयोगाचीच बैठक रद्द होईल.

पहिली परीक्षा आरशाची. एडक्याने आरशात पाहिलं, दोन पावलं मागे गेला आणि धडक मारली. आरसा फुटला. सहायकाने लिहिलं, 'स्वतःविषयी तीव्र मत.' आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसरी परीक्षा इच्छेची. दोन दारं ठेवली, एकामागे भरपूर चारा, दुसऱ्यामागे काहीच नाही. बोकड रिकाम्या दाराने गेला, कारण तिकडे सावली होती. त्याच्यामागे सगळा उपाशी कळप रिकाम्या दाराने गेला. प्राध्यापकांनी नकारार्थी मान हलवली. "ही इच्छा नव्हे. हे नुसतं मागं जाणं आहे. सजग जीव तो, जो बाकीचे जात असताना थांबतो."

काकांचा चेहरा उतरला. माझाही. घरच्या मेंढ्यांच्या फासळ्या मला तिथून दिसत होत्या.

आणि तेव्हाच कळलं, एक थांबली होती. तुर्दुकान आजीची काळ्या कानांची मेंढी. बोकड गेला, कळप गेला, ही जागेवर. एकदा चाऱ्याच्या दाराकडे पाहिलं, एकदा रिकाम्या दाराकडे, मग थेट प्राध्यापकांकडे पाहत रवंथ करत राहिली. प्राध्यापक हरखले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा जीव पाहिला नाही, म्हणाले, मंत्रालयातले धरून. नियमाप्रमाणे एक नमुना सजग निघाला की पूर्ण कळप सजग धरतात. त्यांनी तिच्या गळ्यात निळी फीत बांधली. जेवण करू, मग ही समोर उभी करून प्रमाणपत्रावर सही करू, असं ठरलं.

आता जेवण. राजधानीचा पाहुणा आलाय आणि मेंढी कापली नाही, असं आमच्याकडे होत नाही. असं झालं तर पुढच्या चार पिढ्या ते ऐकून घेतात. काकांनी पोरांना सांगितलं, चांगलीशी बघून आणा. पोरं गोठ्यात गेली. कळप कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभा होता, एकीचाही पाय हाती लागेना. आणि दाराशी एक एकटीच उभी होती. गळ्यात निळी फीत. परीक्षा पाहायला पोरं नव्हती, त्यांना वाटलं, पाहुण्यांनी आपली आपण निवडूनच ठेवलीय. आमच्यात पाहुणा स्वतः निवडत नाही, ते बरं दिसत नाही, पण राजधानीच्या माणसांना काय बोलणार.

पद्धतीप्रमाणे ती पाहुण्यांसमोर आणली. प्राध्यापक तेव्हा कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, चौथ्या वाटीवर होते आणि मंत्र्यांची एक गोष्ट रंगात आली होती. त्यांनी न बघता दोन्ही तळवे उघडले, लहानपणापासून पाठ असलेला आशीर्वाद म्हटला, तोंडावरून हात फिरवले. आमीन. आम्हीही डोळे मिटून फिरवले. मेंढी मागे गेली.

आजी तेव्हा शेजारच्या घरात पिठाचे गोळे तळत होती.

मटण शिजलं, ताट आलं. ज्याच्या मानाला जो तुकडा तो त्याला, यात आमच्याकडे चूक होत नाही. मुंडकं प्राध्यापकांना. त्यांनी ते मानाने घेतलं, कान कापून माझ्या हातावर ठेवला, कारण तिथे मी सगळ्यांत लहान होतो. सगळे जेवू लागले. सहायक प्रमाणपत्रासाठी फोटो काढायला बाहेर गेला आणि लगेच आत आला. त्याच्या हातात निळी फीत होती. कुंपणावर वाळत घातलेल्या कातड्याला होती, एवढंच तो बोलला.

तेवढ्यात आजी तळलेले गोळे घेऊन आत आली. आमचे चेहरे पाहिले, फीत पाहिली.

"माझी कुठाय?"

कुणी चावेना, कुणी गिळेना.

काका हळूच म्हणाले, "साहेब, ती सजग होती, असं मगाशी तुम्हीच..."

प्राध्यापकांची पंचाईत झाली. ती सजग होती असं लिहावं, तर अध्यक्षांनी देशाची पहिली नागरिक आशीर्वाद देऊन खाल्ली. नव्हती असं लिहावं, तर कळप नापास, देश रद्द, कुरण गेलं. काकांनी अगदी नम्रपणे त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि सांगितलं की कुरण गेलं तर गाव मंत्रालयात जाईल, आणि गावाला गप्प बसायची सवय नाही.

चहा संपेपर्यंत विज्ञान पुढे गेलं. प्राध्यापक घसा साफ करून म्हणाले, आपण परीक्षेचा निकाल उलटा वाचला. समोर चारा असताना सगळा कळप एका मनाने सावलीकडे जातो, हा केवढा मोठा निर्णय. एवढी जाणीव एकत्र यायला चेतना लागते. आणि जी एकटीच थांबते, तिच्यात काहीतरी बिघाड असणार. "सजग जीव तोच, जो बाकीचे जातात तिकडे जातो." म्हणजे पूर्ण कळप सजग होता, आणि आपण जेवलो ती एकटीच तेवढी नव्हती. अल्लाची कृपा.

नव्या व्याख्येला गावाची मंजुरी हवी होती. तिथेच, ताटाभोवती, काकांनी हात वर केला. सगळ्यांनी केला. मीही केला, कान अजून हातातच होता. आजीने केला नाही.

"कर गं आजी," काका म्हणाले. "मेंढ्या मरतायत."

"करा की तुम्ही. मला आधी हे सांगा, आपण खाल्लं कुणाला?"

सहायकाने लिहून घेतलं, तुर्दुकान, वृद्ध स्त्री, सजग नाही. आजीवाचूनही पाचशे भरत होते, म्हणून कुणी वाद घातला नाही.

आम्ही देश झालो. करार झाला. दाजींनी ओंडका उचलला, बोकड पुढे, कळप मागे, आणि महिन्याभरात मेंढ्या अशा गुटगुटीत झाल्या की लांबून ओळखू येईनात. सगळं छान चाललं होतं. फक्त कायद्यात एक ओळ होती ती आम्ही वाचली नव्हती. जिथे रहिवासी राहतात तो भाग, असं लिहिलं होतं. मेंढ्या आता कुरणात राहत होत्या. सजग होत्या, तसं प्रमाणपत्र होतं. आणि पाचशेच्या वर होत्या. राजधानीने पलीकडचा देश मानलाच नव्हता, म्हणून आयोगाची गाडी परस्पर कुरणात गेली. बोकडाने मान हलवली, बाकीच्यांनी हलवली, आणि कुरण फुटून वेगळा देश झालं. काळजीवाहू कारभार प्राध्यापक काल्मुरातोव्ह बघतात. त्यांना तिथली हवा मानवलीय.

लोकर कातरायचे दिवस आले तेव्हा आम्ही सगळे घाटावर गेलो. नवा ओंडका, तेच दाजी, आणखी नवी टोपी. ते म्हणाले, मेंढ्यांना भेटायचं तर प्रत्येक परदेशी नागरिकाला परवाना लागेल, आणि परवाने हिवाळ्यानंतर. काकांनी खूप समजावलं. मी दाजींना ताईची शपथ घातली. सीमेने नकार दिला.

आजी आमच्या मागून आली, हातात कात्री. ओंडक्याखालून वाकून पलीकडे गेली. कुणी अडवलं नाही.

"दाजी, हे काय?" मी म्हणालो.

"नियम परदेशी नागरिकांना आहे. या नागरिक कुठायत? त्या सजग नाहीत, तुमचाच ठराव आहे." मग त्यांनी आवाज उतरवला. शेवटी घरचाच माणूस. "तुमच्यात आणखी कुणी तसं असेल तर येऊ दे पुढं. मी काय अडवणार नाही."

मेंढ्या तिथून दिसत होत्या. आजीने पहिली मेंढी आडवी केलीसुद्धा. पन्नास पावलं होती, उतार होता. मी काकांकडे पाहिलं. काकांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे. कुणीच हललं नाही, कारण कुणीच हललं नव्हतं.

आम्ही अजून घाटावरच आहोत. तुम्ही हसत असाल तर हसा. फक्त आधी आजूबाजूला बघून घ्या, बाकीचे हसतायत का.