अडचण आल्यास घंटा वाजवावी

डेल्बर्ट मेनीगोट्सने त्या घंट्या विकत घेतल्या नसत्या, तर आज तो आपल्या ट्रेलरात, म्हणजे चाकांवरच्या घरात, बसून मटणाचा रस्सा ओरपत असता. पण माणसाला एकदा सुचलं की सुचतं. (डेल्बर्टला सहसा काही सुचत नसे. जन्मात एकदा सुचलं आणि तेही नेमकं नको तिथे.)

घंट्यांची भानगड कळायची तर आधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं. जावयाने सासूचं तोंड पाहायचं नाही आणि सासूने जावयाचं, ही अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींची जुनी रीत. पाहिलं तर डोळे जातात, असं म्हातारी माणसं सांगतात. आता तरुण मंडळी हे फारसं मानत नाहीत, पण डेल्बर्टला त्याच्या आईने मानायला शिकवलं होतं आणि सासूबाईंना, म्हणजे बेसीबाईंना, त्यांच्या. त्यातून लग्नानंतर डेल्बर्ट राहायला आला तो बायकोच्या आईच्या जमिनीवर. म्हणजे चक्क घरजावई. जिच्या दारात राहायचं, जिच्या टाकीतलं पाणी प्यायचं, तिच्यासमोर मात्र उभ्या जन्मात यायचं नाही. आपल्याकडच्या कितीतरी जावयांना हे ऐकून आनंदाने गहिवरून येईल. डेल्बर्टलाही पहिले काही महिने आलं होतं.

बेसीबाई घागऱ्याच्या काठाला चांदीच्या बारीक घंट्या लावत. त्या वाजल्या की जावयाने ओळखायचं आणि वाट सोडायची. डेल्बर्ट मिळेल तिथे शिरे. टाकीच्या मागे, मेंढ्यांच्या वाड्यात, आणि बहुतेक वेळा ट्रकखाली. थेट बोलणं अर्थातच नव्हतं. बेसीबाईंना काही सांगायचं असलं की त्या जवळच्या शेळीला सांगत. ‘कुणीतरी टाकी भरली तर बरं होईल,’ असं त्या शेळीकडे बघून म्हणत आणि शेळी काही टाकी भरायला जात नसे. महत्त्वाचे निरोप लोरिंडा, म्हणजे डेल्बर्टची बायको, इकडून तिकडे नेई.

मेनीगोट्स या आडनावाचा अर्थ पुष्कळ शेळ्यावाला. डेल्बर्टकडे शेळ्या होत्या त्या आडनावापुरत्याच. खऱ्या शेळ्या सासूबाईंच्या, जमीन सासूबाईंची, ट्रकही सासूबाईंचा. त्या ट्रकची मूळची सीट शेळ्यांनी खाल्ल्यावर डेल्बर्टने भंगारातून दुसरी आणून बसवली होती. स्वतःच्या मालकीची म्हणता येईल अशी त्याची एवढीच स्थावर-जंगम मालमत्ता.

आणि सासूबाईंचीच ती घळ. लाल दगडाच्या पठाराला वरून पाहिलं तर भेग गेल्यासारखी दिसते, पण आत उतरलं की दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि डोक्यावर आभाळाची एक चिंधी. काही ठिकाणी तर पोट आत घेऊन आडवंच सरकावं लागतं. एका तोंडाने शिरायचं आणि दुसऱ्या टोकाला शिडीने वर यायचं. माघार नाही, कारण मागून पुढची तुकडी आलेलीच असते. हे पाहायला जगभरातून माणसं येत आणि डेल्बर्ट त्यांना घेऊन जाई. शिड्या त्याने बसवलेल्या. पुरानंतर आत भरलेली वाळू दरवेळी तोच उपसत असे.

या उन्हाळ्याआधी बेसीबाई घळीचा कारभार दोन मुलींपैकी एकीच्या हाती देणार होत्या, थोरल्या लोरिंडाच्या किंवा धाकट्या शार्लीनच्या. डेल्बर्टला तो लोरिंडाला मिळायला हवा होता. हवा होता म्हणजे काय, त्याने घरातलं बाकी सगळं हवं-नको केव्हाच सोडून दिलं होतं, एवढ्या एका गोष्टीवर जीव टांगून बसला होता. आडवा येत होता तो साडू. शार्लीनचा नवरा रिक फिनिक्स शहरात वाढलेला. काळा चष्मा लावून घळीच्या तोंडाशी उभा राही आणि उंटावरून शेळ्या हाकी. जुनी रीत त्याला ठाऊकच नव्हती. तो सासूबाईंना ‘मॉम’ म्हणे आणि सरळ मिठी मारी. बेसीबाई दोन्ही हातांनी डोळे झाकून घेत, पण मिठीतून सुटत नसत. इतकं करून रिकचे डोळे शाबूत होते, ही गोष्ट डेल्बर्टच्या फार मनाला लागे.

तर काहीतरी करून दाखवायला हवं म्हणून डेल्बर्टने चाऱ्याच्या दुकानातून पितळी घंट्यांचा एक खोका आणला. प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीला एक घंटा बांधायची. घळीत इतकी वळणं आहेत की पुढच्या गाईडला मागचा माणूस दिसत नाही. कुणी अडकलं, घाबरलं, तर त्याने घंटा वाजवायची.

‘आणि आईची घंटा कुठली नि पाहुण्यांची कुठली, हे कसं कळणार तुला?’ लोरिंडाने विचारलं.

‘आई घळीत कधी जाते? गुडघे धरलेत ना तिचे?’

‘नाही जात.’

‘मग झालं तर.’

‘मला बोलायचं होतं तुझ्याशी, डेल्बर्ट. घंट्यांबद्दल नाही.’

‘बोलू की. आधी घंट्यांचं तेवढं सांग आईला. कल्पना माझी आहे म्हणावं.’

लोरिंडा सांगायला गेली. येताना उत्तर घेऊन आली. ‘आई म्हणते, बघू.’

बेसीबाईंनी खरंच बघायचं ठरवलं, हे मात्र कुणी डेल्बर्टला कळवलं नाही.

त्या दिवशी वारा सुटला होता. बेसीबाईंनी शार्लीनचं जाकीट चढवलं, तोंडाला रुमाल गुंडाळला, गुडघ्यांना पट्टे बांधले आणि रिकच्या तुकडीत सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. ‘कुणाला सांगू नको,’ असं त्यांनी रिकला बजावलं होतं. रिक फारच आज्ञाधारक निघाला. पहिल्या वळणापर्यंत तुकडी नेली, एवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्याने आत शिडी ठोकत बसलेल्या डेल्बर्टला वॉकीटॉकीवरून हाक मारली. ‘जरा घे ना रे ही तुकडी. महत्त्वाचा फोन आहे.’ आणि बाहेर निघून गेला.

डेल्बर्ट पुढून आला. त्याचा आवाज कानावर पडताच बेसीबाई गर्रकन मागे वळल्या, तर मागच्या तुकडीने वाट बुजवून टाकलेली. पुढे जावई, मागे धष्टपुष्ट जर्मन माणसं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे दीड हाताची जागा. तेव्हा त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. डोळे मिटले, भिंतीकडे तोंड केलं, आणि जावयाने दूर पळावं म्हणून घागरा झटकून घंट्या जोरात वाजवल्या.

‘आलो, आलो,’ असं म्हणत डेल्बर्ट पाहुण्यांच्या मधून वाट काढत निघाला.

बेसीबाईंनी आणखी जोरात वाजवल्या. डेल्बर्ट आणखी वेगाने आला. त्या बिचाऱ्या वाजवतायत आणि हा बिचारा धावतोय. त्याच्या योजनेला पहिल्यांदाच इतका झटपट प्रतिसाद मिळत होता.

‘घाबरू नका,’ त्याने भिंतीला चिकटलेल्या त्या आकृतीचा हात धरला. ‘डोळे मिटलेत ना? उत्तम. मिटलेलेच ठेवा. मी नेतो तुम्हाला.’

हात दगडासारखा ताठ झाला. भीतीने होतं असं कधीकधी. अशा पाहुण्यांना हसवलं की ते सैल पडतात, हा डेल्बर्टचा अनुभव होता, आणि हमखास हसवणारा एकच विनोद त्याच्यापाशी होता.

‘ही पुढची अरुंद जागा दिसतेय ना,’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘हिचं नाव सासूबाईंची परीक्षा. माझी सासू इथे आली तर बूच बसेल घळीला. धंदा बंद. मला मात्र लग्नानंतरची पहिली सुट्टी मिळेल.’

पाहुणे हसले. हात काही सैल पडेना. डेल्बर्टला जोर चढला.

‘मी तिला अजून पाहिलेलं नाही. आमच्यात पाहत नाहीत. तिची घंटा वाजली की मी ट्रकखाली. अर्धा संसार माझा ट्रकखाली झालाय. बायकोपेक्षा ट्रकचं इंजिन मला जास्त जवळून माहीत आहे.’

घळ हशाने दणाणली. मागची तुकडीही हसली. एवढं कुणी त्याला आजवर हसलं नव्हतं. बोलता बोलता त्याने त्या बाईला अरुंद जागेतून हळूच पलीकडे ओढून घेतलं. (बूच बसलं नाही. आरामात निघाली.) ओढताना रुमाल दगडाच्या कंगोऱ्याला अडकून सुटला, आणि वरून उतरलेल्या उन्हात डेल्बर्टला एक म्हातारी दिसली. घामेजलेली, सुरकुतलेली, साधीशी. हिला आपण कुठेतरी पाहिलंय असं त्याला वाटलं. पाहिलं होतंच, रोज, लोरिंडाच्या चेहऱ्यात.

बाई परदेशी नाही, आपल्यातली आहे, हे बघून तो खजील झाला. आपलं माणूस भेटलं की आधी कूळ विचारायचं.

‘आजी, आपल्याच तुम्ही. कुठल्या कुळाच्या?’

म्हातारीने डोळे आणखी घट्ट मिटले आणि लाल भिंतीला सांगितलं, ‘कुणीतरी हात सोडला तर बरं होईल.’

पुढचं सांगायला डेल्बर्टकडे धड शब्द नाहीत, कारण त्याने ते पाहिलं नाही. त्याने हात सोडला, टोपी डोळ्यांवर ओढली, पळाला, आणि पळायला जागा नसल्यामुळे कपाळ भिंतीवर आपटून खाली बसला. घळीत एका बाजूला डोळे मिटलेली सासू, दुसऱ्या बाजूला टोपीखाली जावई, आणि त्यांच्या मागेपुढे दोन तुकड्या खोळंबलेल्या. हा कार्यक्रमाचाच भाग आहे का, असं एका जर्मन गृहस्थाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टाळ्या वाजवल्या. शेवटी त्या गृहस्थाच्याच बायकोने एका हाताने सासूला आणि दुसऱ्या हाताने जावयाला धरून दोघांना शिडीपर्यंत नेलं. वर पोचल्यावर रिकने त्या सगळ्यांचे आभार मानले.

डोळे चुरचुरत होते. डेल्बर्ट संध्याकाळपर्यंत आपली बोटं दूर धरून बघत राहिला.

‘वाळू गेलीय,’ लोरिंडा म्हणाली. ‘आई सारखी विचारतेय, त्याला दिसतंय ना नीट म्हणून.’

हे ऐकून डेल्बर्टला रडू येईल असं वाटलं. पण तो नवरा होता, त्याने भलतंच विचारलं. ‘आणि घळीचं काय ठरलं?’

‘शार्लीनला दिली. आई म्हणते तुझा विनोद चांगला होता. लोक फार हसले. रिकला सांगितलंय, रोज सांगत जा म्हणून.’

‘माझा विनोद?’

‘तो पाठ करतोय.’

‘मी इतकी वर्षं मान राखला तिचा. तो मिठ्या मारतो. आणि घळ त्याला?’ डेल्बर्टचा आवाज चढला. ‘जा, विचार तिला. आत्ता जाऊन विचार.’

लोरिंडा उठली. नेहमीप्रमाणे निरोप घेऊन जाईल असं त्याला वाटलं. ती आत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी डेल्बर्ट सवयीने घळीतली वाळू उपसायला गेला आणि दुपारी घरी परतला, तर ट्रेलरच्या दारात ट्रकची सीट ठेवलेली. शेजारी एका डब्यात तिचे सगळे नटबोल्ट, पुसून स्वच्छ केलेले.

त्यांच्यात जुन्या काळी बायकोला नवरा नकोसा झाला की ती त्याचं खोगीर दाराबाहेर ठेवी. भांडण नाही, कोर्ट नाही. नवऱ्याने खोगीर उचलायचं आणि आपल्या आईकडे चालू लागायचं. डेल्बर्टकडे घोडा नव्हता. लोरिंडाने त्यातल्या त्यात जवळची वस्तू निवडली होती.

‘एका विनोदासाठी?’ त्याने बंद दाराला विचारलं. ‘आईवर विनोद केला म्हणून?’

‘आईसाठी नाही,’ लोरिंडा आतून म्हणाली. ती दाराला टेकूनच उभी असावी. ‘ट्रकचं इंजिन बायकोपेक्षा जास्त माहीत आहे म्हणालास ना? ते खरं आहे, डेल्बर्ट. विनोद नाही तो.’

‘अगं, गमतीत...’

‘तुझं तिला सांगायचं, तिचं तुला सांगायचं. तुम्ही दोघं एकमेकांना जपत बसलात आणि मधे मी भिंत झाले. भिंतीला कुणी विचारतं का, कशी आहेस म्हणून?’

‘कशी आहेस?’ डेल्बर्टने विचारलं.

दाराआडून पावलं आत गेली.

सीट चांगलीच जड होती. ती ट्रकपर्यंत नेऊन पुन्हा बसवावी आणि आपल्या आईच्या घराकडे निघावं, असं ठरवून त्याने ती पाठीवर घेतली. अर्ध्या वाटेत मागून घंटा वाजली. डेल्बर्टने सीट टाकली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि ट्रककडे तोंड करून अदबीने उभा राहिला. संसार मोडला म्हणून मान राखायचा सोडायचा नसतो. घंटा जवळ आली. मग दुसरी वाजली, तिसरी वाजली, आणि त्याच्या गुडघ्याला काहीतरी ओलं लागलं.

टोपीखालून पाहिलं तर शेळी होती. गळ्यात त्याची पितळी घंटा. तिच्या मागच्या शेळीच्याही गळ्यात, आणि तिच्याही मागच्या. सासूबाईंनी अख्खा खोका शेळ्यांच्या कामी लावला होता. पुष्कळ शेळ्यावाला मेनीगोट्स शेळ्यांपुढे टोपी ओढून उभा होता, आणि त्या त्याची सीट चाखून बघत होत्या.

कळपाच्या मागून चांदीच्या बारीक घंट्या वाजल्या. या ओळखीच्या होत्या. डेल्बर्टने पुन्हा डोळे मिटले.

‘कुणीतरी जाताना ट्रकची किल्ली खिडकीत ठेवली तर बरं होईल,’ बेसीबाई एका शेळीला म्हणाल्या. ‘सीट न्यायला हरकत नाही.’