क्लचवायरचा नंबर

"शनिवारी दुपारी बारापर्यंत गाडी गॅरेजमधून बाहेर पडली पाहिजे," ग्रंथपालांच्या बायकोने सोमवारी सकाळीच सुनावलं. "स्वतःच्या चाकांवर नाहीतर भंगारवाल्याच्या टेम्पोत. मला तिथं शिवणाचा वर्ग काढायचाय."

गाडी म्हणजे लाल रंगाची, दोनच माणसं मावतील अशी जुनी स्पोर्ट्स कार. ग्रंथपालांनी ती हौसेने घेतली, त्याला चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिने गॅरेजचा उंबरा ओलांडला नव्हता. इंजिन, ब्रेक, टायर सगळं एकेक करून जागेवर आलं होतं. घोडं अडलं होतं ते क्लचच्या वायरपाशी, आणि ती कंपनीच्या मूळ नंबराशिवाय मिळत नव्हती. भंगाराचं नाव ऐकताच ग्रंथपालांनी कंपनीचं सुट्या भागांचं पुस्तक काढलं.

ते साडेसातशे पानांचं होतं. दुसरा कोणी असता तर त्याने हात टेकले असते. पण ग्रंथपालांचा जन्म नंबर लावण्यात गेला होता. रजा टाकून त्यांनी दुपारपर्यंत वायरचा नंबर हुडकला आणि वाचनालयाच्या कोऱ्या कार्डावर, तीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे, सुबक मराठी आकड्यांत लिहिला : ४१७१५०.

"अक्षर म्हणजे छापल्यासारखं आहे हो सर," पार्ट्सच्या दुकानातला काउंटरवाला म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटरवर बोटं चालवली. मंगळवारी खोकं आलं. त्यात रुग्णवाहिकेचा सायरन होता.

"गाडी चालणार नाही, पण लोक बाजूला तरी होतील," बायको म्हणाली.

ग्रंथपाल खोकं घेऊन तडक दुकानात गेले. "मी क्लचवायर मागितली होती."

"नंबर हाच आहे सर. बघा ना, तुमच्याच हातचा. आणि मागवलेला माल परत घेत नाही आम्ही."

दोघांनी कार्डात डोकं घातलं. एकेका आकड्यावर बोट ठेवून, मनातल्या मनात, सगळा नंबर तपासला. दोघांनाही तो बरोबर वाटला. तरी खबरदारी म्हणून ग्रंथपालांनी तोच नंबर मोठ्या कागदावर, ठळक आकड्यांत लिहून दिला. बुधवारी दुसरा सायरन आला.

गुरुवारी त्यांनी फोनच केला. "लिहून घ्या. एकेचाळीस, एकाहत्तर, पन्नास."

काउंटरवाल्याने लिहून घेतलं. पण माणूस कामाला चोख. फोन ठेवल्यावर त्याने ते कार्डाशी ताडून पाहिलं, सर घाईत भलतंच बोलून गेले हे त्याच्या लक्षात आलं, आणि कुणाला न सांगता त्याने ती चूक दुरुस्त केली.

शुक्रवारी तीन सायरन जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून ग्रंथपाल बसले. "भंगारवाल्याला म्हणावं, ने गाडी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

बायकोला कसंसंच झालं. तिने सायरनची पावती उचलली. पावतीवर 896940 असा नंबर छापला होता. ग्रंथपालांनी स्वतःपाशी ठेवलेली कार्डाची नक्कल तिने शेजारी धरली. पाचाच्या जागी चार वाचले की बाही आखूड होते, हे तिला शिवणाने शिकवलं होतं.

"अहो, ह्या माणसाने तुमचे आकडे इंग्रजी समजून वाचलेत! एकाचा नऊ केलाय, चाराचा आठ, साताचा सहा आणि पाचाचा चार. शून्य तेवढं वाचलंय बिचारं." तिने लगेच फोन लावला. "दादा, ते कार्ड आधी फाडा. आता मी सांगते ते लिहा."

शनिवारी सकाळी क्लचवायर आली. मेकॅनिकने ती बसवली, तोवर पावणेबारा झाले होते आणि भंगारवाला टेम्पो घेऊन फाटकाशी उभा होता. गाडी सुरू झाली.

"चौकापर्यंत बघून येते," म्हणत बायको स्टिअरिंगवर बसली. ग्रंथपालांनी फाटक उघडलं, एवढाच त्यांचा वाटा.

ती अर्ध्या तासाने परतली. केस विस्कटलेले, गाल लाल. "ही गाडी कुठेही जाणार नाही," तिने बजावलं, जणू तो बेत दुसऱ्याच कुणाचा होता. ग्रंथपालांनी आनंदाने गाडीचं बॉनेट थोपटलं.

"आणि तुझा वर्ग?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तुमच्या पुस्तकांच्या खोलीत. उजेडही चांगला येतो तिथं."

इतका वेळ ताटकळलेला भंगारवाला पुढे झाला. "रद्दीपण घेतो मी. साहेब, काय न्यायचं, काय ठेवायचं, तेवढं कागदावर लिहून द्या."

"लिहून नको," बायको म्हणाली. "मी तोंडी सांगते."