तोंड दाखवून हजेरी

माझी नजर फार बारीक आहे, हे आधीच सांगून ठेवते. सायलीच्या दुधात माशी पडायच्या आधी मला दिसते. सायली माझी सात महिन्यांची मुलगी. ती शिंकली तरी मी थर्मामीटर शोधते. तर अशा माझ्या नजरेतून काही सुटेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

यंदा विद्यापीठाचं पत्र आलं. ‘बदलत्या काळातील सामाजिक व तंत्रज्ञानविषयक आव्हानांना आपल्या महाविद्यालयाने कोणता प्रतिसाद दिला?’ ते पाहायला समिती येणार होती. आमच्या प्राचार्य आप्पाराव सरांनी पत्र तीनदा वाचलं. म्हणाले, “आव्हानं आपल्याकडं ढिगानं हायेत. प्रतिसाद कुठून आणायचा?”

मी हात वर केला. आमच्या शिरूरकडची पोरंपोरी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नाही म्हणून परीक्षेला मुकतात. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी राजनंदिनी लग्न होऊन नवऱ्याबरोबर अशीच सांगलीकडं फडावर गेली होती. मी म्हटलं, “सर, दुपारी भाकरीच्या सुट्टीत मी फोनवर तास घेते. ॲपला तोंड दाखवलं की तास उघडतो आणि हजेरी आपोआप लागते.”

सर खूश झाले. तास घरून घ्यायचे म्हणजे सायलीला सोडून जायला नको, हे मी सरांना सांगितलं नाही.

त्यांच्या टोळीचा मुकादम सटवा. त्याला मी म्हटलं, “मामा, शिकणाऱ्यांची नावं आणि फोटो पाठवा.” त्यानं त्याच दिवशी बारा नावं पाठवली. मीही त्याच दिवशी सायलीला मांडीवर घेऊन ती यादी जशीच्या तशी ॲपमध्ये चढवली, माझाही फोटो काढून चढवला. रेंज कमी म्हणून तास नुसत्या आवाजावर चालायचा, तो रेकॉर्डही व्हायचा. राजनंदिनी फडातून अशी फाडफाड उत्तरं द्यायची की माझा ऊर भरून यायचा.

ॲप मात्र लहरी होतं. मांडीवरची सायली जागी असली की झटकन उघडायचं, झोपली की ‘ओळख पटली नाही’. मी म्हणायचे, पोरीचा पायगुण.

समिती आली. अध्यक्षबाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. सरांनी आपल्या खात्यातून हजेरीचा तक्ता पडद्यावर लावला. मी राजनंदिनीचं नाव शोधायला लागले. वरून खाली, खालून वर. बारा नावं, बारा पुरुष. राजनंदिनी कुठंच नाही. हजेरी नाही तर परीक्षा नाही.

“हा जीवन कोण? अठ्ठ्याण्णव टक्के,” बाई म्हणाल्या. “लावा त्याला व्हिडिओ कॉल.”

जीवन म्हणजे राजनंदिनीचा नवरा. नेमकी त्या दिवशी रेंजही झकास. अंगाला उसाचं पाचट चिकटलेला जीवन पडद्यावर आला.

“जीवन, अर्थशास्त्र का निवडलंत?”

“म्या न्हाई निवडलं. सटवामामानी निवडलं.”

आप्पाराव सर खोकले. बाईंनी विचारलं, “बेरोजगारीचे प्रकार सांगा.”

जीवनच्या पाठीमागून बारीक आवाज आला, “हंगामी.”

“हंगामी,” जीवन म्हणाला.

“छुपी.”

“छुपी.”

“छुपी म्हणजे काय?” बाई म्हणाल्या.

जीवन मागं वळला. “म्हंजी काय गं?”

“मागं कोण आहे? पुढं या,” बाई म्हणाल्या.

डोक्याला रुमाल गुंडाळलेली राजनंदिनी पुढं आली. हातात अर्धी भाकर. “कामावर दोघं दिसतात, पण काम एकच करतं, ती छुपी बेरोजगारी, मॅडम. आता ह्या तासाला आमी दोघं हाव ना, तसं.”

“मला कावून मधी घेती?” जीवन म्हणाला.

“अगं, तुझं नाव कुठाय?” मी न राहवून ओरडले.

“मॅडम, सटवामामा म्हणले, नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणून नाव एकच. ह्यांचं तोंड दाखवायचं, की तास उघडतो. रोज मोळ्या टाकून हुडकून आणते ह्यांना.”

टोळीत जोडपं मोजतात, माणूस नाही, हे मला जन्मापासून माहीत. आणि मी यादी बघितलीसुद्धा नव्हती. मी उभी राहून सगळं कबूल केलं. बाई चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघून हसल्या.

“यादी माणसांची करा. आवाज रेकॉर्ड झालाय ना? मग हजेरी हिच्या नावावर. परीक्षेचा फॉर्म मी स्वतः बघते.”

“मंग मला सुट्टी का?” जीवननं आशेनं विचारलं.

“गप बसा. तुमीबी बारावीचा भरा,” राजनंदिनी म्हणाली आणि भाकरीचा घास घेतला.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “शिक्षकांचाही तक्ता दाखवा.”

सरांनी दाखवला. माझं नाव, एकेचाळीस तास, आणि शेजारी फोटो. दोन दात, काजळ, गालावर तीट.

“ह्या कोण?”

“माझी मुलगी.”

“अनुभव थोडा कमी वाटतो,” बाई म्हणाल्या.

घरी सासूबाई साखराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग उद्यापासून कॉलेजात पोरीलाच धाडायचं का?” सटवाचा फोन आला, “मॅडम, तुमचाबी मायलेकींचा एकच कोयता धरतो.”

फोटो बदलायचा अर्ज विद्यापीठात गेलाय. तोवर रोज दुपारी सायलीला उठवून बसवते. काल घाईत तीट लावायची राहिली, तर माझी रजा पडली.