नॉर्मन क्रॅबट्रीचे गुडघे

शेवटच्या दिवशी जहाजाच्या केबिनमध्ये आलेल्या कार्डावर स्वच्छ छापलं होतं : 'बॅगा दुपारी बारा ते रात्री दहा या वेळेत दाराबाहेर ठेवाव्यात. उद्या सकाळी साऊदॅम्प्टनच्या धक्क्यावर त्या आपल्याला परत मिळतील.' आणि नॉर्मन क्रॅबट्री पावणेबारालाच चार बॅगा दाराबाहेर ओळीने लावून, हाताची घडी घालून उभा होता. खाकी हाफ पँट, सँडल आणि सँडलमध्ये काळे मोजे.

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या बस डेपोत चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस तो. आधी कंडक्टर, मग इन्स्पेक्टर. बस एक मिनिट उशिरा सुटली तर त्याला रात्री जेवण गोड लागायचं नाही. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी डेपो डोक्यातून गेला नव्हता. डॉक्टरकडे अर्धा तास आधी, लग्नाला एक तास आधी, आणि मयताला तर इतका आधी, की एकदा लोकांना वाटलं हाच घरचा माणूस आणि त्याचंच सांत्वन सुरू झालं.

बारा वाजता ट्रॉली आली आणि चारही बॅगा घेऊन गेली. "पहिला नंबर!" नॉर्मन स्वतःशीच म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

चारपैकी दोन बॅगा मुलीच्या होत्या. गिलियन, जावई डंकन आणि चौदा वर्षांची नात फ्लो शेजारच्या केबिनमध्ये होती. पोहायला जाताना गिलियनने किल्ली त्याच्या हातात दिली होती. "बाबा, आमच्या बॅगा भरून ठेवल्यात. तेवढ्या बाहेर काढाल?" नॉर्मन बॅगा काढायला गेला, सवयीने कपाट उघडून बघितलं, तर आत कपड्यांची, झिप लावलेली तीन कव्हरं लटकलेली! "बघा, विसरली!" त्याला मनातून कोण आनंद झाला. प्रवाशाची विसरलेली छत्री सापडली की व्हायचा तसला. त्याने तिन्ही कव्हरं घडी करून बॅगेत कोंबली. त्याच झपाट्यात आपल्या केबिनमधली दोन कव्हरंही गेली.

चार वाजता गिलियन ओल्या केसांनी, अंगात जहाजाचा पांढरा झगा गुंडाळून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. मागे तसल्याच झग्यात डंकन आणि फ्लो.

"बाबा, आमचे कपडे कुठेत?"

"कुठले?"

"कपाटातले! रात्रीच्या जेवणाचे!"

"ते होय? विसरला होतात तुम्ही. मी भरले. नशीब समजा मी होतो म्हणून."

डंकन शांत स्वभावाचा, दातांचा डॉक्टर. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बाबा, आज काळा कोट घातल्याशिवाय आणि गळ्याला बो लावल्याशिवाय खालच्या हॉलमध्ये कुणाला पाऊल टाकू देत नाहीत. माझ्याकडे आता पोहायची चड्डी आहे. ओली."

"मग वरच्या बुफेत जेवू," नॉर्मन म्हणाला खरा, पण त्याचा आवाज बसला. कारण आठवडाभर, बुफेकडे निघालेल्या साध्या कपड्यांतल्या लोकांकडे बोट दाखवून "बघा, बस चुकलेली मंडळी" असं हाच म्हणत होता.

तेवढ्यात फ्लोने हळूच विचारलं, "आजोबा, आजीचा निळा ड्रेस?"

नॉर्मनच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या निळ्या ड्रेसचं प्रकरण समजून घ्यायचं तर पन्नास वर्षं मागे जावं लागेल. लग्न शुक्रवारी दुपारी, आणि मग बसने स्कारबरोला, समुद्रकाठी. लग्नाच्या पांढऱ्या पोशाखातून बाहेर पडून गावाला निघताना घालायला डोरीनने निळा ड्रेस शिवला होता. बिस्किटांच्या कारखान्यात काम करून, रोज संध्याकाळी थोडा थोडा, सहा महिने. आणि आपल्याकडे म्हणतात ना, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! नॉर्मनने 'ऐन वेळी घाई नको' म्हणून तिची बॅग सकाळच्याच बसने पुढे पाठवून दिली. बॅग वेळेवर पोचली, स्कारबरोच्या डेपोत कुलपात जाऊन बसली आणि शनिवार-रविवार डेपो बंद. नवी नवरी दोन दिवस समुद्रावर पांढऱ्या पायघोळ पोशाखात, वरून कंडक्टरचा रेनकोट घालून हिंडली. मिठाईवाले तिला फुकट मिठाई देत होते, दया येऊन.

डोरीनने त्यावरून कधी आरडाओरडा केला नाही. घरात तो किस्सा निघाला की ती फक्त नवऱ्याकडे बघायची, आणि नॉर्मन दरवेळी एकच सांगायचा : "डेपो बंद ठेवला ही डेपोची चूक. बॅग वेळेत होती." आता लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून सगळं कुटुंब घेऊन ही नॉर्वेची सफर. आणि शेवटच्या रात्रीच्या मोठ्या जेवणासाठी डोरीनने वर्षभर खपून पुन्हा एक ड्रेस शिवला होता. तोच निळा रंग. तो अजून कुणी बघितलासुद्धा नव्हता.

"आजीला माहीत आहे?" फ्लोने विचारलं.

"ती केस करायला गेलीय. सहापर्यंत येईल."

"म्हणजे तुमच्याकडे दोन तास आहेत, बाबा," गिलियन म्हणाली. "पळा!"

नॉर्मन पळाला. चौकशीच्या काउंटरवरची मुलगी फार गोड बोलली. "बॅगा साऊदॅम्प्टनला मिळतील, सर."

"अहो, पण जेवण आज आहे!"

"वरच्या मजल्यावर बुफे असतो, सर. तिथे काहीही चालतं."

"काहीही चालत नाही हो! माझं लग्न आहे! म्हणजे, होतं!"

मागे रांग वाढली होती आणि रांग खोळंबवणारा माणूस आपण आहोत हे लक्षात आल्यावर तो बिचारा स्वतःच बाजूला झाला. जहाजाच्या दुकानात ड्रेस म्हणून एकच उरला होता, नारिंगी, आणि त्यात फ्लो सोडाच, फ्लोची बाहुली तेवढी मावली असती. बॅगांच्या कोठाराचं दार त्याला सापडलं, पण दाराला डोरीनच्या बॅगेच्या नशिबात लिहिलेलंच कुलूप होतं.

शेवटी त्याने पॅसेजमध्ये बोनिफासला गाठलं. बोनिफास त्यांच्या केबिनची देखभाल करायचा. मूळचा मडगावचा, पन्नाशीचा, तीन मुलींचा बाप. रोज संध्याकाळी अंथरूण नीट करून तो पलंगावर टॉवेलचा एखादा प्राणी करून ठेवायचा. कधी हंस, कधी माकड. डोरीनचं आणि त्याचं चांगलं जमलं होतं.

"बोनिफास, काहीतरी कर बाबा!"

बोनिफासने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. "कोठाराची किल्ली माझ्याकडे नसते, साहेब. मॅडमना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी ते करा."

"दुसरा काही उपाय?"

"दुसरा उपाय असता, तर मी लग्न झाल्यापासून तोच वापरला असता, साहेब."

पार्लरमध्ये डोरीन केस वाळवायच्या यंत्राखाली मासिक चाळत बसली होती. नॉर्मन तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत टेकला. पाचावर धारण बसली होती.

"डोरीन, एक सांगायचंय."

"जरा मोठ्याने सांग. हे यंत्र घोंगावतंय."

"तुझा निळा ड्रेस," नॉर्मन ओरडला, आणि पार्लरमधल्या सगळ्या बायका वळल्या, "बॅगेत गेला! बॅग खाली गेली! बारा वाजता!"

डोरीनने मासिकाचं पान उलटलं. "हं. म्हणजे स्कारबरो."

"हो," नॉर्मन म्हणाला. 'कार्डावर बारा लिहिलं होतं' हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण तिच्या डोक्याला लावलेले ते गुलाबी रोलर त्याने बघितले. ड्रेसच नाही, आणि ही बाई ड्रेसला शोभतील असे केस करत बसलीय.

"डोरीन, माझी चूक झाली. आणि ऐक, स्कारबरोलाही माझीच चूक होती. डेपोची नव्हती. डेपोच्या दारावर वेळा लिहिलेल्या असतात. मी कंडक्टर होतो. मला माहीत होत्या."

डोरीनने मासिक मिटलं.

"परत म्हण."

"माझी चूक होती."

"पन्नास वर्षं लागली रे तुला," ती म्हणाली. तिचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ते तिने यंत्राच्या गरम हवेवर ढकललं. "जा. साडेसहाला केबिनमध्ये ये. आधी नको, साडेसहालाच."

नॉर्मन आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्या वेळेला पोचला. दार उघडून बघतो तर समोर डोरीन. निळ्या ड्रेसमध्ये! चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई इतकी सुंदर दिसत होती, की नॉर्मन दारातच थबकला. मागे डंकन काळ्या कोटात बो बांधत होता, गिलियन कानातलं घालत होती आणि फ्लो हसून हसून लाल झाली होती.

"हे कसं...? मी स्वतः कव्हरं भरली!"

"कव्हरंच भरलीस," डोरीन म्हणाली. "आत काय आहे ते बघितलंस का? नॉर्वेच्या थंडीचे स्वेटर आहेत. मी आणि बोनिफासने सकाळी नऊलाच सगळ्यांचे कपडे काढून त्याच्या चादरींच्या कपाटात ठेवले."

"आई, मला तरी सांगायचंस!" गिलियन म्हणाली.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि याने स्कारबरोला बॅग पाठवली तेव्हा मला कुणी सांगितलं होतं?"

नॉर्मन मटकन पलंगावर बसला. सुटलो, असं त्याला वाटलं. "माझा सूट?"

"हा घे कोट, हा शर्ट, हा बो."

"आणि पँट?"

डोरीनने इकडेतिकडे बघितलं. "अगं बाई! पँट राहिली वाटतं कुठेतरी."

आता वेळच उरली नव्हती. वर काळा कोट, पांढरा शुभ्र शर्ट, बो. खाली खाकी हाफ पँट, काळे मोजे, सँडल. हॉलच्या दारात कोट तपासणारा माणूस उभा होता. "सगळे चिकटून चला," गिलियनने हुकूम सोडला. पुढे डंकन, दोन्ही बाजूंना मायलेकी, मागे फ्लो आणि मध्ये नॉर्मन, अशी ती पालखी सरकत सरकत आत शिरली. नॉर्मनने टेबलाची चादर छातीपर्यंत ओढून घेतली आणि सूप प्याला. कोकराचं मटणही निभावलं.

मग वाद्यवृंद थांबला. "आज आपल्यात एक जोडपं आहे," माइकवरून आवाज आला, "ज्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. क्रॅबट्री दांपत्याने नाचाला पुढे यावं!"

"हे कुणी सांगितलं त्यांना?" नॉर्मन कुजबुजला.

"मी," डोरीन म्हणाली. "ऊठ."

"डोरीन, माझे गुडघे दिसतील!"

"मी दोन दिवस रेनकोटात हिंडले, नॉर्मन. ऊठ."

नॉर्मन उठला. पाचशे माणसांच्या हॉलमध्ये आधी शांतता पसरली, मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की थांबेचना. नॉर्मनचे गोरेपान, वाटोळे गुडघे दिव्यांच्या उजेडात निळ्या ड्रेसभोवती फिरत राहिले. पहिल्या फेरीत तो लाजेने मेला. दुसऱ्या फेरीत डोरीनने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, तेव्हा तो गुडघे विसरला.

जेवून केबिनमध्ये परत आले तर पलंगावर आज हंस नव्हता, माकड नव्हतं. काळ्या कुळकुळीत पँटचा, नीट घडी घालून, सोंडेसकट केलेला एक हत्ती बसला होता. नॉर्मनने हत्तीची सोंड हातात धरून बघितली.

"म्हणजे पँट होती?"

"होती की. बोनिफासला म्हटलं होतं, नाच झाल्यावर दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीनने पुन्हा निळाच ड्रेस घातला. कालचे साधे कपडे तिच्याकडे होते, पण ती म्हणाली, "गावाला निघतानाचा ड्रेस आहे हा. निघताना घालायचा राहिला होता." गिलियन, डंकन आणि फ्लोकडे दुसरं काही नव्हतंच, आणि हाफ पँट पुन्हा चढवायची नॉर्मनची छाती नव्हती. त्यामुळे सकाळी आठ वाजता क्रॅबट्री कुटुंब बो आणि रात्रीच्या लांब ड्रेसांत, नॉर्मन धरून, सगळ्यांच्या आधी धक्क्यावर हजर झालं.

बॅगा मात्र येईनात. नऊ वाजले, दहा वाजले. मागून आलेली माणसं आपापल्या बॅगा उचलून गेली. शेवटी नॉर्मनने तिथल्या हमालाला विचारलं.

"तुम्ही लवकर दिल्या होत्या का?" हमाल म्हणाला. "मग त्या पार आतल्या बाजूला असणार. आधी आत गेलेल्या सगळ्यात शेवटी निघतात."

नॉर्मन मान खाली घालून बाकावर येऊन बसला. जाणारी-येणारी माणसं थांबून डोरीनकडे बघत होती. एक म्हातारी तर मुद्दाम परत आली आणि ड्रेसचं कापड हातात घेऊन बघून गेली.

"अजून तासभर लागेल म्हणतात," नॉर्मन म्हणाला.

डोरीनने ड्रेसच्या चुण्या गुडघ्यांवर नीट पसरल्या आणि आरामात मागे टेकून बसली.

"लागू दे की," ती म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"