बिनवजनाचा हेडफोन

माझा उजवा कान गेला आहे आणि डावा जायच्या तयारीत आहे, ही बातमी मला आमच्या ह्यांना द्यायची होती. एवढंच काम होतं. माणूस बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, मध्ये एक उंबरा. ते काम अजून झालेलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. उजवीकडच्या शिट्ट्या मला ऐकूच आल्या नाहीत, तेव्हा त्यांनी विचारलं, "आजी, नोकरी कुठली केलीत?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ऑपरेटर होते."

"मग बरोबर," ते म्हणाले.

बरोबरच होतं. आमच्या वेळचा हेडसेट एका कानाचाच असे. उजवा कान खात्याचा, डावा सुपरवायझरबाईंची बोलणी खायला मोकळा. डोक्यावरून लोखंडी पट्टी, कानावर काळा डबा, तोंडासमोर शिंग. संध्याकाळी काढला की केसांत खाच पडलेली असायची. तेव्हा कानाला हेडफोन लावणाऱ्या माणसाची कीव करत. आता त्याला रसिक म्हणतात.

"डावा अजून चांगला आहे," डॉक्टर म्हणाले, "पण त्याच्यावर फार काळ विसंबू नका. पुढे मशीन देऊ. मात्र मशीनमधून नवऱ्याचा आवाज आणि मिक्सरचा आवाज एकाच घराण्यातले वाटतात. जे खास ऐकायचं असेल ते आताच ऐकून घ्या."

काय ऐकायचं ते मला ठाऊक होतं. पूर्वी हे सकाळी स्वयंपाकघरात बसून मोठ्याने पेपर वाचायचे. मी भाजी चिरायची आणि हे प्रत्येक बातमीच्या शेपटीला आपलं मत जोडायचे. कुठल्याही मंत्र्याला "हा गाढव" म्हणायचे, आणि वधू पाहिजेच्या जाहिराती युद्धाच्या बातम्यांच्या सुरात वाचायचे. हसता हसता मी कितीदा बोट कापून घेतलंय. ते वाचन मला परत हवं होतं. कान आहे तोवर.

अडचण एवढीच, की निवृत्तीनंतर ह्यांच्या कानांवर हेडफोन आला. आधी एक, मग त्यापेक्षा चांगला, मग त्या चांगल्यातलंही उणं दाखवणारा. डॉक्टरांकडून आल्या आल्या मी ह्यांच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. ह्यांनी डोळे न उघडता अंगठा वर केला. मी मान हलवली आणि आत गेले. दुसरं काय करणार?

ह्यांच्यासारख्यांचं एक सूक्ष्मश्रोता मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, आणि चिटणीस दातांचे डॉक्टर. दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकून त्यांना शांततेचा षौक लागला होता. एका मोठ्या कंपनीने मंडळाला कळवलं, की भविष्यातला हेडफोन कसा असावा याबद्दल जाणकारांच्या इच्छा मागवण्यात येत आहेत. त्यासाठी आमच्या बाहेरच्या खोलीत विशेष सभा भरली. सगळे येताना आपापले हेडफोन घालून आले आणि एकमेकांना खुणांनी नमस्कार करून बसले. सभा सुरू व्हायला वेळ लागला, कारण सभा सुरू झाली असं अध्यक्षांनी दोनदा सांगितलं ते कोणाला ऐकू गेलं नाही.

"मुद्दा पहिला, वजन," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी माझा स्वयंपाकघरातला काटा मागवून सगळे हेडफोन तोलले होते आणि चेहरा गंभीर केला होता. "आदर्श वजन किती असावं?"

"नसावं," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"नोंद घ्या. वजन निरंक."

मग इच्छांना पेव फुटलं. वायर नसावी. चार्जिंग नसावं. कानाला घाम येऊ नये. चष्म्याच्या काडीवर दाब पडू नये. गाणं डोक्याच्या आत न वाजता समोरून यावं. गाणाऱ्याने श्वास घेतलेला कळावा, आणि त्याच्यामागची भिंत किती लांब आहे तेही कळावं. शेवटी आमचे हे उभे राहिले आणि हळव्या आवाजात म्हणाले, "माझं तर म्हणणं असं, की आपण हेडफोन घातलाय हेच माणसाला कळू नये." लग्नानंतर ह्यांचा आवाज इतका हळवा झालेला मी प्रथमच ऐकला. डाव्या कानाने.

चहाचा ट्रे खाली ठेवत मी म्हटलं, "माझीही एक इच्छा आहे. हाक मारली की ऐकू यावी."

खोलीत शांतता पसरली. ती चांगल्या प्रतीची असावी, कारण दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटले.

"वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "हा विषय उपकरणाचा आहे की संसाराचा?"

"उंबऱ्याचा आहे," मी म्हटलं. "मी एका बाजूला, हे दुसऱ्या."

बराच खल होऊन माझी इच्छा 'इतर' या सदरात घेण्यात आली.

कंपनीने सगळ्या इच्छा वाचल्या, आणि आजच्या आज बनवता येईल अशी एकच सापडली: माझी. पंधरवड्यात कंपनीची मुलगी चाचणीचा हेडफोन आणि टेबलावर ठेवायची एक गोल डबी घेऊन हजर. माझ्या आवाजाची नोंदणी करायची होती.

"आजी, हाक मारा ना."

"अहो!"

"छान. आता रागावून."

"अहो!"

"आता घर पेटलंय असं समजून."

"अहो, ऐकलंत का?"

"आजी, सगळ्या सारख्याच वाटतायत हो."

"बाळ, इतक्या वर्षांत त्या सारख्या झाल्यात."

माझी नोंद 'घरगुती स्रोत' अशी झाली. 'पत्नी' असा रकाना नव्हता; पाळीव प्राण्यांचा होता. पद्धत सोपी होती. मी हाक मारायची, डबीने ती कुठल्या जातीची ते ठरवायचं आणि योग्य वाटल्यास आत सोडायची. गॅस, आग आणि जेवण यांना थेट प्रवेश. दाराची बेल, पाहुण्यांचा अंदाज घेऊन. बाकी सगळं इतर.

ती गेल्यावर मी डबीपुढे बसले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "अहो, माझा उजवा कान गेलाय."

डबीतून उत्तर आलं, "आपली हाक आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

मी दचकले. आवाज माझाच होता! नोंदणीत घेतलेला, पुसून लखलखीत केलेला. एक्स्चेंजमध्ये मी असंच म्हणायची, अगदी ह्याच सुरात, आणि पलीकडे कोणीतरी फोन धरून ताटकळायचं. आता पलीकडे मीच होते. आणि खोटं कशाला बोलू, डबीतली मुलगी आवाजाने गोड होती.

"विषय तातडीचा आहे का?" मी मला विचारलं.

"हो. कान चाललाय."

"कोणाचा कान? वापरकर्त्याचा असल्यास हो म्हणा."

"माझा. बायकोचा."

"क्षमा करा, आपण वापरकर्ता नाही. आपली हाक 'इतर' या सदरात नोंदवली आहे. धन्यवाद."

उंबऱ्यापलीकडे हे मान डोलावत होते.

मी मंडळाकडे तक्रार केली. अध्यक्षांनी ती कंपनीकडे पाठवली, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि सुधारणा केली. आता रांगेतल्या हाका वाया जाणार नव्हत्या. दर रविवारी त्यांचा सारांश ह्यांच्या कानात वाचून दाखवला जाणार होता. त्या रविवारी मी समोरच बसले. ह्यांनी सारांश लक्ष देऊन ऐकला, हेडफोन किंचित उचलला आणि प्रेमाने म्हणाले, "सगळं ठीक आहे म्हणे तुझं. बरं वाटलं ऐकून."

"कोण म्हणे?"

"तूच म्हणालीस की!" आणि हेडफोन खाली.

असे काही महिने गेले. या काळात मी थेट आत जायची ती एकाच वाटेने. 'जेवायला चला' म्हटलं की. हे पानावर यायचे, मी बोलायला तोंड उघडायची, पण जेवणाचा प्रवेश जेवणापुरताच होता. दुसरं वाक्य रांगेत जायचं.

मग एका सकाळी मंडळाचं स्वप्न साकार झाल्याची बातमी आली. सगळ्या इच्छा पूर्ण करणारा हेडफोन तयार होता, आणि जगातला पहिला नग, इच्छा करणाऱ्यांचा मान म्हणून, आमच्याकडे येणार होता. आमची बाहेरची खोली पुन्हा भरली. कंपनीची मुलगी पांढरे हातमोजे घालून आली. तिने लाकडी पेटी उघडली. आत निळी मखमल, मखमलीत हेडफोनच्या आकाराची खोल जागा, आणि त्या जागेत काही नव्हतं.

कोणी फसलं असं मात्र समजू नका. हे मी मुद्दाम सांगते. पेटी रिकामी आहे हे सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. तेच तर मागितलं होतं.

अध्यक्षांनी काटा मागवला. मुलीने दोन्ही हातांनी ते उचलून काट्यावर ठेवलं. काटा हलला नाही.

"निरंक," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी काट्याला हात जोडले. वजनमापे खात्यात आयुष्य काढून त्यांनी इतका बिनचूक माल पाहिला नव्हता.

"वायर?" "नाही." "चार्जिंग?" "लागत नाही." "घाम?" "उन्हाळ्यात स्वतःचा." एकेक अट तपासून मंडळाने समाधान नोंदवलं. मग ह्यांचा जुना हेडफोन उतरवण्यात आला, डबी बंद करण्यात आली आणि नवा ह्यांच्या कानांवर चढवण्यात आला. ह्यांनी डोळे मिटले. मी आत येऊन फोडणी करत होते. मला वाटलं, हीच वेळ आहे.

"अहो!"

हे खुर्चीत ताठ झाले. "अरे! समोरून आला! थेट स्वयंपाकघरातून!"

"बोला वहिनी, बोला," दातांचे डॉक्टर कुजबुजले.

मी गॅस बंद करून उंबऱ्यात आले. "अहो, माझा उजवा कान गेला. डाव्याचाही भरवसा नाही. पूर्णपणे जाण्याआधी मला तुमचा आवाज ऐकायचाय. पूर्वीसारखा मोठ्याने पेपर वाचाल का?"

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, पोचलं.

"काय आवाज आहे," हे म्हणाले. "स्वरांचा मधला पट्टा किती उबदार आहे!"

"मला द्या, मला द्या," म्हणत दातांच्या डॉक्टरांनी हेडफोन मागून घेतला, म्हणजे ह्यांच्या कानांजवळून काहीतरी उचलून आपल्या कानांवर ठेवलं. "वहिनी, परत." मी परत सांगितलं. "'गेला' म्हणताना श्वास अडकतो, तो ऐकलात?" मग अध्यक्ष. त्यांना माझ्यामागची भिंतसुद्धा ऐकू आली. तिला ओल असावी असं ते म्हणाले, आणि ते खरं होतं. माझा कान गेल्याची बातमी मी त्या दिवशी सगळ्या मंडळाला एकेक करून दिली आणि प्रत्येकाने तिला दाद दिली.

शेवटी मी ह्यांना विचारलं, "मी काय म्हणाले?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणाले मी? इतका वेळ?"

हे गोंधळले. अध्यक्ष मदतीला धावले. "वहिनी, घाई करू नका. मजकूर ऐकू येण्याची सोय पुढच्या मॉडेलसाठी सुचवू."

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. आमचं लग्नच असं जमलं होतं. हे एका गोदामाच्या कचेरीतून ट्रंककॉल लावायचे. मी रोज सांगायची, नंबर लागत नाही, लाइन बंद आहे, उद्या करा. आणि हे पलीकडून म्हणायचे, "चालेल, पण परत एकदा सांगा." तेव्हाही ह्यांनी आवाजच ऐकला होता. मजकूर असा होता, की लाइन बंद आहे.

मंडळी पांगली. पेटीच्या तळाशी एक जाडजूड माहितीपुस्तिका निघाली. अक्षर मुंगीएवढं. हे ती घेऊन स्वयंपाकघरात आले, कारण ट्यूबलाइट तिथे चांगली आहे, आणि बारीक अक्षर डोळ्यांना सोसेना म्हणून सवयीने मोठ्याने वाचू लागले.

"'उत्पादन पाण्यापासून दूर ठेवावे. उत्पादन खाली पडल्यास कंपनी जबाबदार नाही. उत्पादन हरवल्यास...' अगं, हरवलं हे कळणार कसं? कोणी लिहिलंय हे? गाढव आहे हा!"

मी भाजी घेऊन बसले. पुस्तिकेला पानं पुष्कळ आहेत. रोज सकाळी हमीच्या अटी होतात, त्यावर ह्यांची मतं होतात, आणि परवा मी पुन्हा एकदा बोट कापून घेतलं. माझा पाट पूर्वी ह्यांच्या डावीकडे असे. तो मी उचलून दुसऱ्या बाजूला मांडला, माझा डावा कान ह्यांच्याकडे येईल असा.

"इकडे का बसलीस?" ह्यांनी विचारलं.

"इकडून बरं ऐकू येतं."

"येणारच," हे खुश होऊन म्हणाले, "आवाजाच्या दृष्टीने हाच कोपरा चांगला आहे." आणि पान उलटलं.

तुम्ही म्हणाल, काय माणूस हा! म्हणा. मघाशी तुम्ही इथवर वाचत येत असताना आतल्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि मान वर न करता तुम्ही "हं" म्हणालात. काय विचारलं होतं?