आग्रहाचं तिकीट

ताटं उचलली गेली तसा सुशीलने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांपुढे बेट मांडलं. मधोमध डोंगर, भोवताली पाणी आणि काठावर एक लहानसं हॉटेल. जुईच्या शाळेला ऑक्टोबरअखेर सुट्टी होती आणि त्या हॉटेलात मुलांसाठी हॅलोविनचा कार्यक्रम होता. भुताखेतांचे वेष करायचे, भोपळ्याचे कंदील घेऊन गावात फिरायचं आणि दारोदार चॉकलेटं मागायची.

"मी माजो होणार!" जुई खुर्चीवर उभी राहिली. "माजो म्हणजे चेटकीण, आजी!"

"मग वेष कशाला हवाय? केस विंचरू नकोस, झालं," सिंधूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पितर येतात ते मुकाट्याने जेवून जातात. इथली भुतं मेली चॉकलेटं मागतात!"

तोंडाने असं म्हणत असल्या तरी सिंधूबाईंचे डोळे त्या निळ्या पाण्यावर खिळले होते. चिंचवडहून उरायासूला लेकाकडे आल्यापासून त्यांनी स्टेशन, सुपरमार्केट आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या वाळत घातलेल्या गाद्या एवढंच जपान पाहिलं होतं. शिवाय बेटाचं नाव नुसतं कानावर पडलं त्याच दिवशी त्यांनी चिंचवडला थोरल्या जाऊबाईंना, शैलजाताईंना, फोनवर सांगूनही टाकलं होतं, की सुशील मला बोटीने बेटावर नेतोय.

"आई, तू येणार ना?" सुशीलने स्क्रीनवरून मान न वळवता विचारलं.

आता पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणं हे हावरटपणाचं लक्षण. सिंधूबाईंनी उभ्या जन्मात पहिल्या वाढपाला पुरणपोळी घेतली नव्हती. शाळा चौथीत सुटली असेल, पण रीत सुटली नव्हती.

"मला म्हातारीला कशाला ओढता? तुम्ही जा राजाराणी. मी आपली घर राखीन," असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला आणि आग्रहाला जागा करून दिली.

टक्.

"ओके," सुशील म्हणाला. "झालं बुक. दोन मोठे, एक लहान. सेलमधली तिकिटं आहेत, परत होत नाहीत."

सिंधूबाईंचा पदर हातातच राहिला.

ओट्यापाशी दीप्ती भांडी विसळत होती. "आई, नक्की ना हो?"

"नक्की म्हणजे? मी काय शब्द फिरवणारी आहे?"

हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर सिंधूबाई कुरकुरत तयार होणार होत्या. पण दीप्तीने नळ मोठा सोडला.

रविवारी शैलजाताईंचा फोन आला. "काय गं सिंधू, कधी निघताय? आमचा लक्ष्मण म्हणतो, हल्लीची मुलं बायकोला नेतात, आईला कोण नेतंय? खरंच नेतोय ना गं तुला?"

"नेतोय म्हणजे? अहो, हट्ट धरून बसलाय! आई नसेल तर बोटीत पाय ठेवणार नाही, भोपळ्याचा कंदील हातात धरणार नाही म्हणतो!"

"मग फोटो पाठव हो. भोपळ्यासकट."

सिंधूबाईंनी फोन ठेवला. आता प्रश्न बेटाचा उरला नव्हता, नाकाचा झाला होता. पण 'मला न्या' असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. तेव्हा त्यांनी आडून आडून सुरुवात केली.

"हॅलोविनला भुतं मोकळी सुटतात म्हणे," त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या. "घरात एकटी बाईमाणूस..."

"विभाला सांगतो, वरच्या मजल्यावरची. झोपायला येईल तुझ्या सोबतीला," सुशील म्हणाला आणि त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचऱ्याचा विषय काढला. "जळणारा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, मला का वाचता येतंय? चुकीची पिशवी ठेवली तर सगळ्या बिल्डिंगीत शोभा." संध्याकाळी ऑफिसातून येताना सुशील रंगीत स्टिकर घेऊन आला आणि प्रत्येक डब्यावर त्याने चित्र चिकटवलं. "लाल दिसला की मंगळवार. बघ, किती सोपं!" मुलगा वाईट नव्हता. ऑफिसात त्याचं कामच ते होतं. तक्रार आली की दिवस मावळायच्या आत मिटवायची. त्यामुळे सिंधूबाई जितकी कारणं काढत, तितकं त्यांचं घरी राहणं पक्कं होत चाललं होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या ओकुबो आजी दारात आल्या. हातात पिकलेली काकी, म्हणजे ती टोमॅटोसारखी दिसणारी केशरी फळं. सिंधूबाईंनी हात हलवून नको म्हटलं. ओकुबो आजींनी वाकून पिशवी पुढे केली. सिंधूबाईंनी छातीवर हात ठेवून पुन्हा नको म्हटलं. आजी आणखी वाकल्या आणि पिशवी पुन्हा पुढे आली. मग सिंधूबाईंनी ती घेतली आणि दोघी समाधानाने हसल्या. दार लावल्यावर मात्र सिंधूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मराठीचं एक अक्षर येत नाही त्या बाईला, आणि आपल्या पोटच्या पोराला...

शेवटचा उपाय म्हणून त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "एकटीला घास काही उतरत नाही हो."

सुशीलने हेही विभाला कळवलं. विभाने बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांना कळवलं. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी विभा नाचतच घरात शिरली.

"काकू, तुम्हाला आता एकटं वाटणारच नाही! मुलांची हॅलोविन पार्टी तुमच्याकडेच ठेवलीय! नंदिनीची जुळी, रविकांतची तिघं, माझी दोन, आणि जपानी शेजाऱ्यांची येतील तेवढी. खाऊचं तुम्ही बघा. आणि हो, मुलांना घाबरवायला कुणीतरी हवं ना? तुम्ही हडळ व्हायचं! केसांचा टोप मी आणलाय."

तिने तो काळा, गुंतलेला टोप सिंधूबाईंच्या मांडीवर ठेवला.

सिंधूबाईंनी टोपाकडे पाहिलं. मग बॅग भरणाऱ्या मुलाकडे पाहिलं.

"हडळ? मी? तुम्ही तिकडे समुद्राची हवा खाणार आणि मी इथे लोकांच्या पोरांना चकल्या घालत हडळ होऊन नाचू?" टोप उडून सोफ्यामागे पडला. "मला बेटावर यायचंय!"

सुशीलने बॅगेची चेन अर्धवट सोडली.

"अगं, पण तूच नाही म्हणालीस," सुशील म्हणाला.

"नाही म्हणायचंच असतं! नाही म्हटल्यावर माणसाने आग्रह करायचा असतो! त्या शेजारच्या ओकुबोबाईला कळतं, आणि तू एवढा इंजिनिअर झालास तो कशाला? बटणं दाबायला?"

"मी विचारलं ना..."

"एकदा! भाजीवालासुद्धा दोनदा विचारतो!"

सुशीलने घाईघाईने लॅपटॉप उघडला. बोट भरली होती. हॉटेल भरलं होतं. त्याने पुन्हा पाहिलं, तरी भरलेलंच होतं. आईच्या डोळ्यांतलं पाणी मात्र आता काठाशी आलं होतं, आणि ते त्याला बघवेना.

"असं करू," तो म्हणाला. "माझ्या तिकिटावरचं नाव बदलून घेतो. आई, तू जा. मी राहतो घरी."

एवढं बोलून तो थांबला. त्याने आधी आईकडे, मग बायकोकडे पाहिलं. चेहरा त्यागाचा, पण कान टवकारलेले. आता कुणीतरी 'छे छे, तू नाहीस तर मजा काय' असं म्हणेल, अशी त्याची रास्त अपेक्षा होती.

"बरं," सिंधूबाई म्हणाल्या आणि उठल्या. "माझी शाल कुठे ठेवलीय गं दीप्ती?"

"काढून ठेवते, आई. बोटीत गार वारा असतो," दीप्ती म्हणाली.

"यात्ता! जमलं!" जुई ओरडली.

"म्हणजे, तसं बघितलं तर..." सुशीलने सुरुवात केली, पण विभाने सोफ्यामागून टोप शोधून आणला होता आणि ती त्याच्या डोक्याचं माप बघत होती.

बेट छान होतं. सिंधूबाईंनी काळा डोंगर पाहिला, गावातल्या दारोदार जुईबरोबर हिंडल्या आणि चेटकिणीपेक्षा जास्त चॉकलेटं मिळवली, कारण नऊवारीतल्या बाईचा वेष सगळ्यांना फारच अस्सल वाटला. दीप्तीने भोपळ्यासकट फोटो काढला आणि तिथूनच चिंचवडला मेल केला.

परत आल्यावर रविवारी शैलजाताईंचा फोन आलाच.

"पाहिला गं फोटो. तू आहेस, नात आहे, भोपळा आहे. सुशील कुठे दिसला नाही तो?"

"आता फोटो काढणारा फोटोत कसा दिसेल, ताई?"

"हो, तेही खरंच. पण ती तुमची विभा आमच्या लक्ष्मणच्या कॉलेजातली ना, तिने त्याला एक फोटो पाठवलाय. मोकळे केस, कडेवर पोर, पाठीवर पोर, हातात चकलीचा डबा. कोण गं ती हडळ?"

समोर सुशील गादीवर पालथा पडून दीप्तीकडून पाठीला बाम लावून घेत होता. सिंधूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती होय? आमच्या हॉटेलची मालकीण. वेष केला होता हो मुलांसाठी. फार लाघवी बाई."

"अगं, पण तिला मिशी आहे!"

"असणारच," सिंधूबाई म्हणाल्या. "इथली माणसं कुठलंही काम अर्धवट करत नाहीत."